पुढच्या साथीत रोजच्या तक्त्यात एक रकाना बाळंतपणांचाही ठेवा

साथीच्या काळात आदेश काढणाऱ्या आणि पुढच्या साथीचे आराखडे आत्तापासून तयार करत बसलेल्या, जगभरच्या आरोग्य खात्यांमधल्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी लेबर रूममध्ये काम करणारी नर्स. कुठल्या हॉस्पिटलातली, कुठल्या देशातली हे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव वाचलं की तुमच्यापैकी निम्मे जण म्हणणार, तो तिकडचा प्रॉब्लेम, आमच्याकडे सगळं व्यवस्थित होतं. नव्हतं हो. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शंभरावर देशांना विचारलं तेव्हा जवळपास ९० टक्के देशांनी स्वतःच सांगितलं की आमच्या नेहमीच्या आरोग्यसेवा विस्कळीत झाल्यात. गरीब देशांत जास्त, श्रीमंत देशांत कमी, पण झाल्या.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार मंजूर केला, आणि आता जो तो आपापला आराखडा नव्याने लिहायला बसलाय. करारावर चर्चा गाजली ती विषाणूचे नमुने कुणी कुणाला द्यायचे आणि लस-औषधं कशी वाटायची यावर. गाजायलाच हवी होती, माझी तक्रार नाही. पण असे आराखडे वाचताना मी आधी आमचं पान शोधते, आणि पान कसलं, एक ओळ सापडते: "माता व बालकांच्या अत्यावश्यक सेवा सुरू राहतील." ही ओळ २०२० मध्ये पण होती.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), बाळंतपणाचा वॉर्ड बंद करा असा आदेश आम्हाला कधीच कुणी दिला नाही. ओळ कागदावर तशीच राहिली आणि सेवा तुकड्यातुकड्याने गेली. आधी भूल देणारे डॉक्टर गेले, कारण व्हेंटिलेटर सांभाळता येणारी माणसं आयसीयूत हवी होती, आणि भूल देणारं कुणी नाही म्हणजे सिझेरियन नाही, सिझेरियन नाही म्हणजे अडलेली बाई पुढच्या हॉस्पिटलात पाठवा, आणि पाठवायची कशी तर अँब्युलन्स पण पॉझिटिव्ह पेशंट आणायला गेलेली. मग आमच्यातल्या निम्म्या नर्सेस गेल्या. मग वॉर्डच गेला, कारण त्याला वेगळं दार होतं आणि आत ऑक्सिजनची लाइन होती. मग रक्त कमी पडायला लागलं कारण रक्तदान शिबिरं भरत नव्हती. यातला प्रत्येक निर्णय ज्याने घेतला त्याला तो बरोबर वाटत होता, आणि एकेकटा बघितला तर होताही बरोबर. बेरीज करायला कुणी बसलं नव्हतं, एवढंच.

आमच्या क्षेत्रात तीन उशिरांचं एक जुनं गणित आहे, १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी मांडलेलं. बाई मरते ती बहुतेक वेळा उशिराने मरते: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथपर्यंत पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. साथीने तिन्ही एकदम लांबवले. घरातून निघायची भीती कारण हॉस्पिटल म्हणजे आजार घ्यायची जागा असं रोज टीव्हीवरून कानावर पडतंय, निघावं म्हटलं तर वाहन नाही आणि वाटेत अडवून पास मागतायत, आणि एवढं करून गेटवर आली तर आधी टेस्टचा रिपोर्ट दाखवा. कळा रिपोर्ट यायची वाट बघत नाहीत हे मी गेटवरच्या माणसाला किती वेळा सांगितलं असेल, तोही बिचारा काय करणार, त्याच्या हातात छापील कागद होता आणि त्या कागदावर बाळंतिणीसाठी वेगळं काही लिहिलेलंच नव्हतं.

पोचल्यावरचा उशीर म्हणजे काय ते नीट सांगते, कारण तो मीटिंगमध्ये बसून कळत नाही. बाळ झालं, वार पडली, आणि गर्भाशय आवळत नाहीये. पोटावर हात ठेवला की तिथे घट्ट गोळा लागायला हवा, तो लागत नाही, मऊ लागतं, आणि खाली रक्त थांबत नाही. एरवी अशा वेळी मी फक्त ओरडते. एक जण पळत येऊन ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळायचं औषध, भरते, दुसरी सलाइन लावते, तिसरी डॉक्टरांना बोलावते आणि रक्तपेढीला फोन लावते, माझे हात पोटावरून हलत सुद्धा नाहीत. साथीत मी किटमध्ये आत, गॉगलवर वाफ धरलेली, हातात ग्लोव्हजच्या दोन जोड्या, चादरीवर रक्त किती गेलंय त्याचा अंदाज येत नाहीये, आणि ओरडलं तरी बाहेरच्या बाईला आत येण्याआधी किट चढवावं लागतंय. गाउन, मास्क, गॉगल, हूड, ग्लोव्हज, या क्रमाने. मी आतून बघतेय, ती बाहेर घाईघाईने बांधतेय. बाळंतपणानंतरच्या अशा रक्तस्रावात दोन तासांच्या आत बाई जाऊ शकते आणि जगात बाळंतपणाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये हे सगळ्यात मोठं कारण आहे. आता हे काही महागडं किंवा नवीन उपचाराचं दुखणं नाहीये, औषध जुनं आहे, साधं आहे, फक्त थंड ठेवावं लागतं आणि ते द्यायला मोकळे हात लागतात. तुमच्या आराखड्यात व्हेंटिलेटरचा हिशेब असतो, मोकळ्या हातांचा नसतो.

आणि तिच्यासोबत कुणी नाही हे राहिलंच. बाळंतपणात सोबत आपलं माणूस असावं ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे, कोव्हिडमध्ये पण ती बदलली नव्हती, पण कितीतरी ठिकाणी सोबतीला पहिली बंदी झाली. आई, बहीण, नवरा सगळे गेटबाहेर, आणि आत मोबाइल स्पीकरवर ठेवलेला.

"अत्यावश्यक नसलेल्या तपासण्या पुढे ढकला" या आदेशाबद्दल पण बोलायचंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं तर त्रास होतो पण ते नंतर होतं. गरोदरपणात प्रत्येक गोष्टीला तारीख असते. बाळात काही मोठा दोष आहे का ते बघायची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांच्या आसपास, साखरेची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत, रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तिला अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांत, गर्भपात करून घ्यायचा असेल तर कायद्याने ठरलेल्या मुदतीत. लॉकडाऊन उठल्यावर या असं ज्यांना सांगितलं त्यातल्या कित्येक जणी उठल्यावर आल्या तेव्हा बाळ कडेवर होतं. मग व्हिडिओ कॉलवर तपासा म्हणाले. बोलणं होतं व्हिडिओवर, धीर देता येतो, गोळ्या घेतेस का विचारता येतं, पण घरी मशीन नसेल तर कॉलवर बीपी मोजता येत नाही, आणि १६०/११० ला पोचलेल्या बाईला कधीकधी नुसतं डोकं दुखतंय एवढंच वाटत असतं. फिट येते तेव्हा कळतं.

कुटुंबनियोजनाचं तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अंदाजाने साथीच्या पहिल्या वर्षात ११५ देशांतल्या १ कोटी २० लाख बायकांना गर्भनिरोधकं मिळण्यात खंड पडला आणि त्यातून १४ लाख नको असलेली गरोदरपणं राहिली. त्या बायका नंतर आमच्याकडेच आल्या ना, त्याच अर्ध्या स्टाफच्या वॉर्डात.

बाळांचं सांगते. सुरुवातीला भीतीपोटी आई पॉझिटिव्ह म्हणजे बाळ बाजूला, असं बऱ्याच ठिकाणी चाललं. पहिल्या काही आठवड्यांत कुणालाच काही माहीत नव्हतं, तेव्हाचं मी समजू शकते. पण जागतिक आरोग्य संघटनेने लवकरच स्पष्ट सांगितलं होतं की आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला पाजावं, जवळ घ्यावं. तरी आदेश खालपर्यंत उतरला नाही. दोन किलोच्या आतलं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायचं, कांगारू पद्धत म्हणतात त्याला, यात इनक्युबेटरशिवाय बाळ गरम राहतं, दूध ओढायला शिकतं, जंतुसंसर्ग कमी होतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की ही पद्धत सगळीकडे पोचली तर सव्वा लाखापर्यंत बाळं वाचू शकतात, आणि त्याच्या तुलनेत बाळाला कोव्हिडने असलेला धोका अगदीच लहान होता. म्हणजे छोट्या धोक्याला घाबरून आपण मोठा धोका पत्करला, तोही दुसऱ्याच्या बाळासाठी.

आता लस. लसीकरणाचं रजिस्टर कधी उघडून बघितलंय का तुम्ही? एका ओळीत एक मूल, पुढे चौकोन, प्रत्येक चौकोनात तारीख. २०२० च्या पानांवर उभे पट्टेच्या पट्टे कोरे आहेत, जन्माची लस आहे आणि पुढे काही नाही. युनिसेफच्या हिशेबाने २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत ६ कोटी ७० लाख मुलांच्या नेहमीच्या लसी पूर्ण किंवा काही प्रमाणात हुकल्या. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या तीन डोसांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ८१ वर आलं, साधारण ३० वर्षांतली सगळ्यात मोठी सलग घसरण. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात, पण गोवर पसरू द्यायचा नसेल तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत, तिथे आपल्याकडे घालवायला पाच टक्के नाहीतच. आणि सगळं नंतर भरूनही काढता येत नाही, जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीला अनेक देशांच्या वेळापत्रकात वयाची मर्यादा आहे, ती उलटली की त्या मुलाचा तो चौकोन कायमचा कोरा.

मार्च २०२० मध्ये मोठ्या लसीकरण मोहिमा थांबवा असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनेच दिला होता हे मला माहितीये, आणि गर्दी जमवू नका हे तेव्हा चूक पण नव्हतं. पण त्याच सल्ल्यात नेहमीचं लसीकरण जमेल तिथे चालू ठेवा असंही होतं. खाली पोचेपर्यंत "थांबवा" एवढंच उरलं. थांबवायचा आदेश एका दिवसात गावोगाव पोचतो, पुन्हा सुरू करायचा आदेश कुणाच्या तरी टेबलावर पडून असतो, हा माझा नोकरीतला कायमचा अनुभव आहे.

हे सगळं तुम्हाला आधी माहीत नव्हतं असंही नाही. २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा सिएरा लिओनमध्ये बायका दवाखान्यात यायच्या थांबल्या. नंतर अभ्यास झाला, त्यात अगदी हात राखून केलेल्या अंदाजानेही सुमारे ३,६०० माता आणि बाळं, मृत जन्मलेली धरून, जास्तीची गेली. इबोलाने त्या देशात थेट गेलेली माणसं चार हजारांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक दुसरी साथच होती ती, फक्त तिची रोज संध्याकाळी बातमी होत नव्हती. २०१९ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकात परत तेच, सगळ्या जगाचं लक्ष इबोलावर आणि तिकडे गोवराने ६,००० च्या वर माणसं नेली, बहुतेक लहान मुलं, त्या उद्रेकातल्या इबोलाच्या मृत्यूंपेक्षा दुपटीहून जास्त.

मे २०२० मध्ये तर कोव्हिडबद्दल चक्क आधी सांगितलं गेलं होतं. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय संशोधनाच्या मासिकात ११८ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अंदाज छापून आला: सहा महिने सेवा थोड्या कोलमडल्या तर २,५३,५०० मुलं आणि १२,२०० माता जास्तीच्या जातील, फारच कोलमडल्या तर ११,५७,००० मुलं आणि ५६,७०० माता. अंदाज होता, भाकीत नव्हतं, आणि वाईटातलं वाईट तसंच्या तसं घडलं असं मी म्हणत नाहीये. पुढे २०२१ मध्ये जगात बाळंतपणाशी संबंधित मृत्यू आदल्या वर्षीच्या २,८२,००० वरून ३,२२,००० वर गेले. यातल्या कितीतरी जणी थेट कोव्हिडने गेल्या, कारण गरोदर बाईला तो आजार जास्त जड जातो, आणि लसीच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे लस आली तरी यांना द्यायची की नाही यावर महिनोन्‌महिने घोळ. पण किती थेट गेल्या आणि किती सेवा नव्हती म्हणून गेल्या, हे वेगळं काढता येत नाही. का येत नाही? कारण तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

इथेच माझं मागणं आहे.

साथीत रोज संध्याकाळी तुम्ही तक्ता जाहीर करता. पॉझिटिव्ह किती, बरे किती, मृत्यू किती, बेड किती रिकामे. आणि मी बघितलंय की जे त्या तक्त्यात असतं त्याला सगळं मिळतं. आज ऑक्सिजन बेड कमी दिसले की रात्रीत माणसं, पैसा, गाड्या हलतात. आमचा आकडा वर्षभराने अहवालात येतो, तोवर ती बाई पण गेली आणि तिची फाइल पण. त्या तक्त्यात आमचा एक रकाना ठेवा. फार नको: आज किती बायका बाळंतपणाला आल्या आणि गेल्या वर्षी याच आठवड्यात रोज सरासरी किती येत होत्या. किती बाळं मृत जन्मली. किती माता दगावल्या. भूलतज्ज्ञ, रक्त किंवा अँब्युलन्स नाही म्हणून किती जणींना ताटकळावं लागलं किंवा परत पाठवावं लागलं. आणि आठवड्यातून एकदा, लसीची तारीख आलेल्या मुलांपैकी किती मुलं खरंच आली.

हे होऊ शकतं का? नेपाळमध्ये झालंय. तिथे नऊ हॉस्पिटलांत लॉकडाऊनच्या आधीपासूनच प्रत्येक बाळंतपणाची नोंद चालू होती, म्हणून कळलं की लॉकडाऊनमध्ये तिथली बाळंतपणं निम्म्याच्या आसपास आली, मृत जन्माचं प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेलं आणि नवजात बाळांच्या मृत्यूचं हजारी १३ वरून थेट ४० वर. (स्टाफचं हात धुणं आणि जन्मताच बाळ आईच्या अंगाशी ठेवणं, एवढं मात्र सुधारलं.) कुणी म्हणेल की साध्या केसेस घरी राहिल्या, अवघड तेवढ्या आल्या, म्हणून प्रमाण वाढलेलं दिसलं. असेल की. पण मग ज्या घरी राहिल्या त्यांचं काय झालं? त्या नेमक्या कुठल्याच नोंदीत नाहीत, आणि म्हणूनच मी मृत्यूंच्या आधी "किती आल्या" हा आकडा मागतेय. बाळंतपणं साथ आली म्हणून कमी होत नाहीत, नऊ महिन्यांपूर्वीच ठरलेली असतात. आज शंभर यायला हव्या होत्या आणि पन्नास आल्या, तर उरलेल्या पन्नास कुठेतरी बाळंत होतायत, आणि हे तुम्हाला त्याच दिवशी कळतं, कुणी मरायच्या आधी.

नुसता आकडा छापून थांबू नका मात्र. आल्या त्यांची संख्या समजा नेहमीपेक्षा पाचव्या हिश्श्याने खाली गेली, तर त्याच संध्याकाळच्या मीटिंगमध्ये विचारलं गेलं पाहिजे की या वॉर्डातून काय काय काढून नेलंय, भूलतज्ज्ञ कुठे आहेत, अँब्युलन्स कुठे आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना साथीच्या सर्व्हेवर लावलं असेल तर गरोदर बायकांची यादी पण त्यांच्याच हातात द्या, दारापर्यंत तर त्या जाणारच आहेत. गेटवरच्या माणसाच्या कागदावर एक ओळ वाढवा की कळा सुरू झालेल्या बाईकडे रिपोर्ट मागायचा नाही, तिला पॉझिटिव्ह समजून आत घ्यायचं आणि टेस्ट आत करायची.

असे आकडे जाहीर केले की लोक घाबरतात असं मला एका वरिष्ठांनी ऐकवलं होतं. रोज पॉझिटिव्ह किती ते सांगताना नाही घाबरले लोक? घाबरले, आणि घरात बसले, तुम्हाला तेच हवं होतं. आता इथे लोकांनी घराबाहेर पडून दवाखान्यात यायला हवंय, तर "आज इतक्या जणी सुखरूप बाळंत झाल्या, दार उघडं आहे" हे पण त्याच तक्त्यातून सांगता येईल की.

शेवटची विनंती अगदी साधी. जगात आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्के बायका आहेत आणि साथीच्या समित्यांमध्ये मात्र आम्ही बहुतेक वेळा चहाच्या वेळी आकडे पोचवायला आत येतो. तेव्हा या तक्त्याचा नमुना ठरवायला बसाल त्या दिवशी लेबर रूममधली एक नर्स आणि लसीकरणाचं रजिस्टर भरणारी एक जण टेबलाशी बोलवा. फक्त मीटिंग दुपारी ठेवा, सकाळी आमची नाइट सुटलेली असते.

आपली,
लेबर रूममधली एक नर्स